मामाचा हप्ता

रविवार, दि. ७

ति. दादास,

साष्टांग नमस्कार. गुडघा धरलाय, त्यामुळे तो उभ्यानेच घातला आहे. मानून घे.

तुझं पत्र पोचलं. तुम्ही सगळे मजेत आहात हे वाचून बरं वाटलं, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. आम्हीही बरे आहोत. हे घरीच असतात, घर तेच बघतात. लेक चौथीत गेली. उंची यांच्यावर गेली आहे आणि जीभ माझ्यावर. मी अजून त्याच डेंटल लॅबमध्ये आहे. डॉक्टर लोक पेशंटच्या तोंडाची मापं पाठवतात, आम्ही त्यांवरून प्लॅस्टरचे जबडे ओततो आणि कवळ्या करतो. तू विचारलं नव्हतंस, तरी सांगितलं.

‘प्रिय बोबडे’ ही सुरुवात वाचून हे हसले. मी नाही हसले. लहानपणी मला ‘स’ म्हणता यायचा नाही, हे तू इतकी वर्षं जपून ठेवलंस, कमाल आहे. पाहुणे आले की मला स्टुलावर उभं करायचास आणि ‘ससा म्हण, ससा म्हण’ करून मागे लागायचास. मी ‘थथा’ म्हटलं की तुझे मित्र गडाबडा लोळायचे. असो.

मग दुकानाचं. दुसरं दुकान काढतो आहेस, बँक कर्ज देते आहे, फक्त जामीनदार हवा आहे आणि आमचं घर फिटल्याचं तुझ्या कानावर आलं आहे. ‘एका सहीचा तर प्रश्न आहे,’ असं लिहिलंयस. वाटीभर साखर मागावी तसं. वर ताजा कलम म्हणून तुझ्या नव्या दातांचंही कळवलंस. वरची कवळी चावायला फक्कड आहे, पण ‘स’ आला की शिट्टी वाजते, वहिनी हसते, डॉक्टर म्हणतात सवय होईल, तू त्यातली आहेस तर काही उपाय सांग. सांगते. आधी सहीचं बोलू.

तुला तो दिवस आठवतच नाही, हे पत्रावरून कळलं. मला सगळ्यात जास्त तेच लागलं. मी इतकी वर्षं तो दिवस रोज उगाळते आहे आणि तुझ्याकडे त्याचा मागमूस नाही. तर ऐक.

यांचा छापखाना बंद पडला होता. घराचा इसार आधीच देऊन बसलो होतो. घर घ्यायचं, नाहीतर इसारावर पाणी सोडायचं. बँक माझ्या एकटीच्या पगारावर कर्ज द्यायला तयार झाली, फक्त जामीनदार आणा म्हणाली. आम्ही दोघं तुझ्याकडे आलो, लेक कडेवर. तू जेवत होतास. मी कागद तुझ्या ताटाशेजारी ठेवले, काही सांडू नये म्हणून हात आडवा धरला. तू ते वाचलेही नाहीस. खिशाचं पेन काढलंस, मला वाटलं झालं काम. तू टोपण काढलंस, परत लावलंस आणि पेन खिशाला अडकवलंस.

‘एका पगारावर घर? तेही कवळ्या घासून? सहा महिन्यांत बँक कुलूप ठोकेल. मग गाठोडी घेऊन माझ्या दारात येऊ नका म्हणजे झालं.’

एवढं बोलून दात काढलेस. तेव्हा ते तुझे स्वतःचे होते.

वहिनी पाणी वाढत होती. तिने पेला भरून सांडेपर्यंत ओतला. जिन्यात मी यांना म्हटलं, ‘याचे दात याच्याच घशात घातले नाहीत तर बघा.’ हे म्हणाले, ‘आधी चपला नीट घाल, उलट्या घातल्यास.’

सही शेवटी आमच्या लॅबच्या मालकीणबाईंनी केली. परकी बाई, पण कागद वाचून केली. ‘बुडवलंस तर तुझी नोकरी मीच खाईन,’ एवढंच म्हणाल्या आणि चहा मागवला.

हप्ता तर सगळेच भरतात, दादा. मी त्यावर जादा भरायला लागले. पगारातून हप्ता गेला की उरलेल्यातलं निघेल तेवढं मी परत बँकेत नेऊन द्यायचे. खिडकीवरची बाई विचारायची, ‘जादा रकमेने काय कमी करू? हप्ता की मुदत?’ हप्ता कमी केला तर दर महिन्याला जरा श्वास घेता येतो. मुदत कमी केली तर हप्ता तेवढाच राहतो, पण कर्ज लवकर फिटतं. मी म्हणायचे, ‘मुदत.’ पुढे पुढे तिने विचारायचंच सोडून दिलं. मला पाहिलं की तीच लिहून टाकायची.

माझ्या डोळ्यांपुढे एकच चित्र होतं. कर्ज फिटल्याचा कागद घेऊन तुझ्या जेवणाच्या टेबलाशी यायचं आणि तो तुझ्या ताटाशेजारी ठेवायचा, तसाच हात आडवा धरून. त्यावर तू काय बोलशील आणि मी काय बोलेन, याची मी भरपूर उजळणी केली आहे. बसचे पैसे वाचवायला चालत जायचे ना, तेव्हा ती फार छान व्हायची.

बाकीचा संसार उरलेल्यात. फ्रिजच्या दाराला पट्टा बांधला आहे. पडदे म्हणजे जुन्या चादरी. सुट्टीच्या दिवशी मी जादा कामाला लॅबमध्ये. हे आपले केस आपणच कापतात, मागून बघू नये. जेवायला आम्ही इस्त्रीचं टेबल वापरतो. ते डुगडुगतं, त्यामुळे आमच्याकडे तावातावाने कोणी जेवत नाही. एकदाच हे म्हणाले, ‘बँकेला आपली एवढी घाई नाहीये गं. तुलाच आहे.’ मी अबोला धरला. तो मोडायला म्हणून यांनीच त्या जादा रकमेचं बारसं केलं: ‘मामाचा हप्ता’. ‘पगार झाला का? चला, मामाचा हप्ता बाजूला काढा.’ मला हसू आलं, नाव आवडलं आणि घरात रुळलं.

लेक त्यातच वाढली. सहलीला जायचंय? या महिन्यात मामाचा हप्ता आहे. नवे बूट, मैत्रिणींना घरी बोलावणं, पोहण्याचा क्लास, सगळ्याला तेच उत्तर. मग तिने मागायचंच सोडलं. दुकानाच्या काचेशी ती थांबतसुद्धा नाही. पोर किती समजूतदार आहे, असं मी लॅबमध्ये कौतुकाने सांगायचे.

मी पत्राला उत्तर देईना म्हणून परवा तू फोन केलास, तो तिनेच उचलला. मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. सगळं ऐकू येत होतं.

‘मामा, तुमचे अजून किती राहिले?’ ती म्हणाली.

तू काय म्हणालास कोण जाणे. ती पुढे म्हणाली, ‘नाही नाही, आई भरतेच आहे. एकदापण चुकवलेला नाही. पण थोडे दिवस थांबलात तर चालेल का? मला पोहायला शिकायचंय. मग परत भरू आम्ही.’

ज्याच्या दारात जायचं नाही म्हणून मी जिवाचं रान केलं, त्याच्याकडे माझी पोर मुदत मागत होती. माझ्या हातातली ओली चादर खाली पडली, ती तशीच राहिली.

फोन ठेवून ती माझ्याकडे आली. ‘मामा म्हणतात, त्यांना काहीच माहीत नाही. ते विसरले असतील तर आपण भरलं कशाला?’ मग म्हणाली, ‘मामा आपले कोण लागतात ते मला माहितीये. पण आपण मामांचं काय देणं लागतो?’ हे दारात उभे होते. तिचा हात धरून यांनी तिला आत नेलं.

मी रडले. तुला सांगायला मला लाज वाटत नाही. आधी तुझा राग आला आणि मग बराच वेळ माझा. माझ्या रागाचं मी बघून घेईन, त्यात तू पडू नकोस.

तर आमचं घर फिटलेलं नाही. ज्याने कोणी तुला सांगितलं त्याने थाप मारली. यंदाच्या अखेरीला फिटलं असतं. पण काल मी बँकेत गेले. खिडकीवरच्या बाईने नेहमीप्रमाणे मुदतीपुढे खूण करायला पेन टेकवलं. मी म्हटलं, ‘थांबा. हप्ता कमी करा.’ तिने चष्म्यावरून पाहिलं. ‘तुम्ही? नक्की?’ म्हटलं, नक्की. म्हणजे तुझ्या ताटाशेजारी ठेवायचा तो कागद आता लांबला. त्याची हळहळ अजून जात नाही, खोटं कशाला बोलू. लेक उद्यापासून पोहायला जाते आहे. तिचा पोहण्याचा पोशाख दारामागे टांगला आहे आणि येता-जाता ती त्याला हात लावते.

पण यावरून मी निवळले असं समजू नकोस. शिट्टीचं राहिलं आहे.

मध्यंतरी आमच्याकडे एक माप आलं. चिठ्ठीवर डॉक्टरांचं नाव आणि माझं माहेरचं आडनाव. आडनावाचं काय, पुष्कळांचं असतं. पण खालच्या जबड्यात पुढचा एक दात आडवा वळलेला, शेजाऱ्याकडे पाठ करून उभा. बाबांचा तस्साच होता, आणि तुझाही. जबडा हातात धरून मी बसून राहिले. ते वाक्य याच तोंडातून आलं होतं.

ती कवळी मी दुसऱ्या कुणाला करू दिली नाही. रंग तुझ्या खालच्या दातांशी जुळवला, चावा बसवला. त्यात खोट काढून दाखव. मेणात बसवलेली कच्ची कवळी डॉक्टरांनी तुझ्या तोंडात लावून पाहिली, तेव्हा शिट्टी वाजली नव्हती, आठव. पुढच्या दातांमागे टाळूवर, जिथे जीभ टेकते, तिथे थोडी जाडी असावी लागते. ती असली की ‘स’ नीट उमटतो. कवळी पक्की करायच्या आधी तिथलं मी खरवडून काढलं. नखाएवढंच. फार समाधान झालं मला त्या दिवशी.

तू हे पत्र घेऊन मालकीणबाईंकडे जाशील, तर काल मी त्यांना स्वतःच सांगितलं. त्यांनी आधी मला चांगलं फैलावर घेतलं. दुरुस्तीचा खर्च माझ्या पगारातून कापणार आहेत. मग दार लोटून घेतलं आणि विचारलं, ‘शिट्टी मोठी वाजते का गं?’

तेव्हा दुरुस्त करून हवं असेल तर आमच्या घरी ये. संध्याकाळी ये, सकाळी मी लेकीला पोहायला नेते. कवळी काढून माझ्या हातात द्यायची. मी लॅबमध्ये नेऊन नीट करून आणीन, तोवर तू इस्त्रीच्या टेबलाशी बसायचं. हे चहा देतील. आणि तेवढ्या वेळात लेकीला तूच सांगायचं, की आम्ही तुझं काही लागत नव्हतो, कधीच नाही. दातांशिवाय सांगावं लागेल. काळजी करू नकोस, बोबडं बोललेलं तिला कळतं, आणि माझी मुलगी कुणाला स्टुलावर उभं करत नाही.

जामिनाच्या कागदावर माझी सही होणार नाही. मी तो वाचणारही नाही. या पत्राखाली मात्र करते आहे, एवढीच मिळेल. वहिनीला जवळ बसव, तिला माझा नमस्कार सांग, आणि हा शेवट मोठ्याने वाचून दाखव.

तुझी सख्खी, सोशिक, सगळं सव्याज सोसलेली, सही साफ नाकारणारी

बोबडी