लोखंडी कढई आणि सासूबाईंचं मनगट

जळगाव, मंगळवार, संध्याकाळ

अजूनही माझं लक्ष सारखं सासूबाईंच्या मनगटाकडे जातंय. सकाळी भरताची फोडणी करून त्यांनी लोखंडी कढई उचलली आणि ती हातातून सुटलीच. कडकडीत तेल साडीच्या निऱ्यांवर उडालं. पायावर एक थेंबही नाही, नशीबच म्हणायचं.

ॲल्युमिनियम नको म्हणून ती कढई मीच आणली होती. तब्येतीला काय चांगलं, ते सगळं वाचलं. पण रोज उचलणार कोण? हे कुठे विचारलं मी?

मनगट धरून बसल्या तेव्हा म्हणाल्या, "दिवाळीपासून दुखतंय. तू एवढ्या हौसेनं आनली, मंग कसं सांगू?"

दुपारीच त्यांना भांड्यांच्या दुकानात नेलं. जाड बुडाची, दोन कानांची स्टीलची कढई त्यांनी पाणी भरून उचलून पाहिली. तीच घेतली. आत्ता शेवभाजी त्यांनी स्वतःच खाली उतरवली, मनगट न चोळता. फार हायसं वाटलं.

"यापुढे दुखलं तर लगेच सांगायचं," मी म्हणाले.

"मंग आजच सांगते," त्या म्हणाल्या. "तुझा कुकरबी जड हाये."