माझ्याच आवाजाची फीत मला मिळण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
जिल्हा ध्वनी अभिलेख कार्यालय,
व्रबोवग्राद, बल्गेरिया

विषय: चेर्ना लिव्हादा गावच्या रेडिओवरील माझ्या निवेदनाची फीत मिळणेबाबत फेरविनंती.

संदर्भ: ‘आवाज जुळत नाही, सबब अर्ज फेटाळला’ हे आपले पत्र.

महोदय,

सविनय सादर करते की, मी नेव्हेना गानेवा, निवृत्त निवेदिका. गावात खांबांवर कर्णे होते तेव्हा पाणी कधी जाणार, जनावरांचा डॉक्टर कधी येणार, आज कोणाचा नामदिन, म्हणजे कोणाच्या नावाच्या संताचा दिवस, हे रोज सकाळी माझ्या तोंडून गावाला कळत असे. मागील वर्षी कर्करोगामुळे माझे स्वरयंत्र काढावे लागले. आता गळ्याला एक गुणगुणणारे यंत्र लावून बोलते. माझे पती लाझार अंध आहेत आणि त्यांची स्मृतीही विरत चालली आहे. ते मला आवाजावरूनच ओळखत. आता मी यंत्र सुरू केले की विचारतात, “हा बाप्या कोण घरात? नेव्हेना कुठं गेली?” माझ्या हातचे खाणेही त्यांनी कमी केले आहे. फीत मिळाल्यास रुग्णालयाचा वाचा-विभाग तिच्यातून माझा आवाज घेऊन नव्या यंत्रात बसवून देणार आहे. माझी गरज एवढीच आहे.

१. आवाज ज्याचा, फीत त्याला, असा आपला नियम. मी ओळखपत्र पुढे केले. आपण म्हणालात, “बाई, ओळखपत्रावर चेहरा आहे. फितीत कुठं आहे चेहरा?” मी ओळखपत्र परत पर्समध्ये ठेवले.

२. म्हणून आजच्या आवाजाचा नमुना घेण्यात आला. आपल्या विश्लेषक कु. योआना मिनेवा यांनी तो संगणकात घातला. पहिली तपासणी स्वसहसंबंधाची. ध्वनीची लहर स्वतःवरच सरकवत नेऊन ती किती अंतराने पुन्हा तशीच येते हे प्रणाली पाहते, आणि त्यावरून स्वरतंतूंची कंपने मोजते. मला तंतूच नाहीत. प्रणालीने यंत्राची गुणगुण मोजली, ती अत्यंत नियमित असल्याचे प्रशस्तिपत्र दिले, आणि मला श्री. ग्रोझ्दान पेंचेव्ह ठरवले. हे गृहस्थ निवृत्त बसचालक. त्यांची शस्त्रक्रिया माझ्यासारखीच, यंत्रही तेच, आणि त्यांचा नमुना आपल्याकडे आधीपासून होता. ते बिचारे शरमून घरी आले, रकियाची, म्हणजे फळांच्या घरगुती दारूची, बाटली टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “नेव्हेनाताई, मी तुमच्या नावावर काही घेतलं नाही हो!” मी त्यांची समजूत घालू लागले तोच आतून लाझार ओरडले, “आता दोन झाले!”

३. दुसरी तपासणी रेषीय भाकिताची. लहरीच्या मागच्या मोजमापांवरून पुढचे काय असेल हे प्रणाली ताडते, आणि त्यातून तोंडाची व घशाची पोकळी कशी घुमते ते वेगळे काढते. गुणगुण कोणाचीही असो, तोंड माझेच आहे. कु. मिनेवा यांनी माझे आ, ई, ऊ हे स्वर तपासून स्पष्ट लिहिले की, घुमण्याच्या जागा फितीशी जवळपास जुळतात; शस्त्रक्रियेत घशाची नळी आखूड झाल्याने किंचित वर सरकल्या आहेत. त्यावर आपला शेरा: ‘जवळपास’ असा रकाना छापील तक्त्यात नाही. महोदय, नळी मी हौसेने आखूड करून घेतलेली नाही. मला याचा फार राग आला आहे. यंत्रातून राग कळत नाही, म्हणून तो येथे लेखी नोंदवते.

४. अखेर आपले निरीक्षक फीत घेऊन पतीची साक्ष घ्यायला घरी आले. फीत लावली. द्राक्षवेली छाटण्याच्या सणाच्या मी दिलेल्या शुभेच्छा त्यात होत्या. लाझार उठून उभे राहिले, कॉलर नीट केली आणि म्हणाले, “अगं, किती उशीर! ये, बस आधी.” निरीक्षकांनी माझ्याकडे निर्देश करून विचारले, “आणि आजोबा, तुमचा हात धरलाय त्या कोण?” मी यंत्र लावून ‘मीच’ म्हटले. लाझारांनी हात सोडवून घेतला. “ही ती नव्हे,” म्हणाले. निरीक्षकांनी दोन्ही गोष्टी नोंदवल्या: फितीतील आवाज पत्नीचा आहे, घरातील व्यक्ती पत्नी नाही. मग फीत बॅगेत घालून ते निघाले. लाझार भिंत चाचपत फाटकापर्यंत त्यांच्या मागे गेले. “तिला कुठं घेऊन चाललात?” असे विचारत राहिले. त्यांना आत आणायला मला शेजारच्या पेनाबाईंना बोलवावे लागले, कारण माझ्याबरोबर ते येईनात.

तरी विनंती की, दुसरी तपासणी ग्राह्य धरून फीत मला द्यावी. मी मी ठरत नसेन, तर ती लाझार यांच्या नावे द्यावी. तेही नियमात बसत नसेल, तर श्री. पेंचेव्ह यांच्या नावे द्यावी; प्रणालीनुसार मी तेच आहे, आणि त्यांची काही हरकत नाही.

आपली नम्र, व अजून हयात,
(सही)
नेव्हेना गानेवा
चेर्ना लिव्हादा, दि. ११ नोव्हेंबर

सोबत:
१. रुग्णालयाचा दाखला.
२. कु. मिनेवा यांच्या अहवालाची प्रत.
३. श्री. पेंचेव्ह यांचे संमतिपत्र.
४. पतीचे निवेदन. त्यांनी सांगितले, पेनाबाईंनी जसेच्या तसे उतरवले: “साहेब, माझ्या बायकोला सोडा. तिनं काही केलेलं नाही. तुम्ही इथं जो माणूस ठेवलाय तो वाईट नाही. घेवड्याचं सूप बरं करतो, पांघरूण घालतो, बोलतो मात्र दाढीच्या मशीनसारखा. नेव्हेना आली की त्याला जाऊ द्या. त्याचीही घरी कुणीतरी वाट बघत असेल.”