मामी, मी आणि मधला थांबा

तीर्थरूप मामांस,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्ष साष्टांग घालणं सध्या जमणार नाही, कंबर धरली आहे. का, ते पुढे येईलच.) तुमची प्रकृती ठणठणीत असेल, गुडघा कुरकुरत नसेल आणि स्वयंपाकघरात साखरेचा डबा कुठे असतो याचा एव्हाना तपास लागला असेल, अशी आशा करतो. इकडे आम्ही मजेत आहोत. मामी सुखरूप पोचली. हे वाक्य आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं तुम्ही बसून वाचाल.

तर मामा, मामी निघताना तुम्ही तिला सांगितलंत म्हणे, की शहर कितीही मोठं असो, विमानतळ एकच असतो, तेव्हा कुठे उतरणार हे कळवायचं कारण नाही. तुमचा शब्द मोडायची आमची कुणाची टाप नाही, पण आमच्या शहराला हे कुणी सांगितलेलं दिसत नाही. इथे चार विमानतळ आहेत. एक मोठा, ज्यात आत शिरलेला माणूस बाहेर पडेपर्यंत त्याला पुन्हा भूक लागते. दुसरा नदीपलीकडचा नवा, तिथल्या खुर्च्यांवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. तिसरा स्वस्त तिकीटवाल्यांचा. त्याच्या नावात शहराचं नाव आहे एवढाच त्याचा शहराशी संबंध, बाकी तिथे जाताना वाटेत शेतं लागतात आणि गायी रस्ता अडवतात. चौथा जुना, गवताचा. तिथे आता फक्त विमान चालवायला शिकणारी मंडळी दोन माणसांची चिमुकली विमानं घेऊन घिरट्या घालतात. चौघांच्याही नावाची सुरुवात शहराच्या नावानेच होते. आणि मामीचा निरोप एवढाच: "दुपारी विमानतळावर उतरते. उगाच त्रास घेऊ नको."

आपल्या घरात 'त्रास घेऊ नको' म्हटल्यावर काय करायचं असतं, ते तुमच्याच हाताखाली शिकलो. दारात उभं राहून 'या' म्हणणं म्हणजे पाहुण्याचा अपमान, त्याला सामोरं गेलं पाहिजे. तुम्ही तर पोस्टमनलासुद्धा घ्यायला कोपऱ्यापर्यंत जाता. (नव्या पोस्टमनच्या खांद्यावरची पिशवी तुम्ही आदराने ओढलीत तेव्हा त्याने केलेल्या आरडाओरडीचा विषय अजून गल्लीत निघतो.) आणि येणारा घरचाच असेल, तर त्याने समोरच्याचे श्रम वाचवायला निम्मी वाट आपण होऊन चालून यायची. तुमची गल्ली सरळ आणि एकुलती एक, म्हणून हे दोन नियम आजवर एकमेकांना धडकले नाहीत. इथे मात्र चार विमानतळांना जोडणारी फुकट बस आहे, आणि तिने घात केला.

मी दुकान बंद करून (चष्मे काय, लोक दुसऱ्या दिवशीही करतात) मोठ्या विमानतळावर 'मामी' अशी पाटी घेऊन उभा राहिलो. एक अनोळखी बाई थांबून पाटी निरखून म्हणाली, "आहे मी मामी, पण तुझी नव्हे," आणि गेली. मामीचा फोन बंद. का, ते नंतर कळलं. विमानात तिला फोन बंद करायला सांगितलं होतं, पुन्हा सुरू कर असं कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी चौकशीच्या खिडकीतल्या मुलीने शोधून दिलं, की ते विमान नव्या विमानतळावर कधीच उतरलंय. मी धावत बस पकडली. इकडे मामीला तिथल्या पहारेकऱ्याने सांगितलं, की घ्यायला येणारे बहुतेक मोठ्याच विमानतळावर चुकून जातात. झालं. भाच्याला हेलपाटा नको, म्हणून तीही उलट्या बसमध्ये बसली.

नदीच्या पुलावर वाहनं तुंबली होती. माझ्या खिडकीला खेटून दुसरी बस उभी राहिली आणि तिच्या खिडकीत मामी! काय आनंद झाला म्हणून सांगू! मी हात हलवला, तिने हलवला. तिने खुणेने विचारलं, जेवलास का? मी खुणेने सांगितलं, जेवलो. तिने माझ्या पोटाकडे पाहून खुणेने सांगितलं, दिसतंय. एवढ्यात रस्ता मोकळा झाला आणि दोन्ही बस आपापल्या वाटेने गेल्या. आता शहाण्या माणसाने पुढच्या थांब्यावर उतरून गप उभं राहावं की नाही? पण मामी एवढी वयाने मोठी, तिने परत यायचं आणि मी खांबाला टेकून वाट पाहायची? छे! मी उतरलो आणि उलटी बस धरली. तीही तुमचीच बायको. पुलावर पुन्हा भेट झाली. या वेळी तिने बॅग वर करून दाखवली, वजन फार नाही, तू काळजी करू नकोस.

तिसऱ्या खेपेला माझ्या बसमधले लोक पैजा लावू लागले. आमची बस चालवणारी बाई धिप्पाड, आवाज खणखणीत, रोजचे प्रवासी तिला सेनापती म्हणतात. तिने गाडी बाजूला घेतली, मला दटावून खाली बसवलं आणि वायरलेसवरून दुसऱ्या बसवाल्याला हुकूम सोडला: "तुझ्या गाडीतल्या आजीला जागेवरून उठू देऊ नको, माझ्यावाल्याला मी धरलंय. मधल्या थांब्यावर सोडू." मधला थांबा म्हणजे तो गवताचा विमानतळ. दोन्ही बस आल्या. आणि मामा, तिथेही मी मामीला सामोरा जायला चहाच्या टपरीला डावीकडून वळसा घातला, तर ती मला सामोरी यायला उजवीकडून निघाली होती. दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीत एका छोट्या विमानाला बांधलेल्या दोरीत माझा पाय अडकला आणि मी गवतात आडवा झालो. हलता येईना, म्हणूनच भेट झाली. दोन्ही बसमधल्यांनी टाळ्या वाजवल्या.

टपरीच्या बाकावर बसून मामी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. मग हसू थांबलं, पाणी मात्र थांबेना. मागच्या महिन्यात ती बहिणीकडून घरी परत आली, तेव्हा तुम्ही शब्दकोड्यातून डोकं वर न काढता "आलीस का" एवढंच म्हणालात म्हणे. "पोस्टमनला घ्यायला कोपऱ्यापर्यंत जातात, आणि मला खुर्चीतून," असं ती म्हणाली. चिडून म्हणाली असती तर मी निर्धास्त राहिलो असतो. ती अगदी शांतपणे म्हणाली, मग वर गिरक्या घेणाऱ्या विमानाकडे बघत राहिली. मामा, मला तुमचा राग आला. लहानपणापासून पहिल्यांदाच आला, त्यामुळे नीट रागावताही येईना.

बाकी सर्व क्षेम. मामी रोज दुकानात येऊन बसते आणि कुणाला कोणती फ्रेम शोभत नाही ते तोंडावर सांगते. गिऱ्हाईक वाढलं आहे. परतीचं तिकीट तिने अजून काढलेलं नाही.

तुमचा आज्ञाधारक आणि सध्या आडवा,
भाचा

ता. क. मामीची कसलीही तक्रार नाही, आणि हे पत्र तिला न सांगता लिहीत आहे.

ता. क. दुसरा. तुम्हाला लांबचं उत्तम दिसतं, जवळचं तपासून घ्यायला हवं. डोळे तपासायच्या निमित्ताने या ना, मामा. मात्र कोणत्या विमानतळावर ते कळवा, आणि उतरल्यावर देवाशपथ जागचे हलू नका.

ता. क. तिसरा. (अक्षर ओळखलंत ना?) याची कंबर धरलेली, म्हणून पत्र पेटीत टाकायला माझ्याच हाती दिलं. वाचलं. अहो, कुठेही उतरा. जागचं न हलणं तुम्हाला जमायचं नाही, तेव्हा सरळ बसमध्ये बसा. दिवस तेवढा कळवा, मी मधल्या थांब्यावर उभी असेन. निम्मी वाट माझी झाली, उरलेली तुमची. साखर वरच्या फळीवर निळ्या डब्यात आहे, पण आता शोधत बसू नका, निघा.