रेग्युलेटरमधलं कुंकू

प्रिय मामाजी,

गाडी चालली! आधी हे सांगते, बाकीचं मागून. काल महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी तुमची हिरव्या इंजिनाची गाडी दोघींभोवती दुपारपासून दिवेलागणीपर्यंत फिरली. एकदाही अडली नाही, एकदाही हिसका दिला नाही. आज विसर्जन झालं, आणि मी, तुमची सून, दुकानात तुमच्याच स्टुलावर बसून हे लिहिते आहे. समोर एका पंपाचा स्टार्टर उघडा पडलाय, तो पडू दे. घरात कुणाला सांगण्यासारखी ही गोष्ट नाही आणि पोटात ठेवणं मला जमत नाही, म्हणून तुम्हाला लिहिते.

शिवाय तुमच्याशी भांडायचंही आहे.

गाडी आपल्याकडे कशी आली, ते तुम्ही दर वर्षी आलेल्या बायकांना सांगायचात, आठवतं? बदलीवर आलेल्या कुणा साहेबांच्या पोराची परदेशी, खेळण्यातली आगगाडी. तिचा वेग कमी-जास्त करणारा रेग्युलेटर तिकडच्या कमी दाबाच्या विजेचा, साहेबांनी तो थेट आपल्या प्लगात खोचला आणि धूर काढला. दुरुस्तीला म्हणून तुमच्याकडे टाकली, तेवढ्यात पुन्हा बदली झाली, आणि न्यायला कुणी आलंच नाही. मग तुम्ही जुन्या रेडिओचा ट्रान्सफॉर्मर, चार डायोड आणि एक फिरवायची घुंडी घेऊन पत्र्याच्या पेटीत स्वतःचा रेग्युलेटर बांधलात. पुठ्ठ्याची स्टेशनं केलीत. जलंब, खामगाव, आणि मधे ठळक अक्षरांत वडनेर भोलजी! रेल्वेच्या नकाशात आपल्या गावाचं स्टेशन नाही, पण महालक्ष्म्यांपुढे गाडी इथं थांबलीच पाहिजे, हा तुमचा हट्ट.

ड्रायव्हर तुम्ही आणि गार्ड आई. हिरव्या ब्लाऊजपीसची झेंडी आईंनी हलवल्याशिवाय तुम्ही घुंडीला हात लावायचा नाहीत. एवढ्या बायकांत त्या लाजायच्या, पण झेंडी मात्र जोरात हलवायच्या.

आणि मी कोण? मी रेग्युलेटर पाडणारी! लग्नानंतरच्या माझ्या पहिल्याच महालक्ष्म्या. पाट सरकवताना माझ्या हातून पेटी पडली. वीतभर उंचीवरून, तीही सतरंजीवर. एवढंच झालं होतं, मामाजी! पण त्या दिवसापासून गाडीनं जरा कुठं हिसका दिला, की तुम्ही हसत हसत सगळ्यांना ऐकवायचात, "सूनबाईनं पाडला तवापासून असाच करून राह्यला हा." अकरा वर्षं ऐकलं मी. तुम्ही गमतीनं म्हणत होतात, पण मला ते लागायचं. मीही हसायचे, आणि आत जाऊन पोळ्या जोरात लाटायचे.

खामगावला आयटीआय केलेली सून म्हणून तुम्ही मला हौसेनं दुकानात बसवलंत. मिक्सर, पंखे, पंपांचे स्टार्टर, सगळं माझ्यावर सोडलंत. माझं सोल्डरिंग तुमच्याहून नेटकं आहे, हेही गिऱ्हाइकांसमोर कबूल केलंत. फक्त त्या एका पेटीचं झाकण मला कधी उघडू दिलं नाहीत. महालक्ष्म्या यायच्या आदल्या दिवशी माझ्याकडे पाठ करून तुम्ही एकटेच ती घेऊन बसायचात. मी डोकावले की, "पाडलेलं नीट करून राह्यलो, तू तुहं काम कर." मला वाटायचं, यांचा माझ्यावर भरवसाच नाही.

तुम्ही गेलात. गेल्या वर्षी दुखवटा होता, म्हणून महालक्ष्म्यांचे मुखवटे बाहेर निघालेच नाहीत. या वर्षी निघायचे होते, आणि आई मात्र आत आत जायला लागल्या. तुम्ही गेल्यापासून त्यांनी कपाळाला कुंकू लावलं नाही. मी किती वेळा करंडा पुढे केला! लावा हो आई, आता कोण काय म्हणतंय? त्या नुसत्या मान हलवायच्या. सणाच्या तीन दिवसांचं विचारलं तर म्हणाल्या, मी सैंपाकाचं पाहीन, बाहेरचं तू पाह्य. दोन दिवस मी भुणभुण लावली, तेव्हा कुठं एक वाक्य निघालं.

"गाडी चालली तं येईन बाहेर. नाही तं मी आतच बरी."

बस! मला तेवढं पुरे होतं. तुमचा लेक म्हणाला, गाडीचं राहू दे, लायटिंगच्या माळा सोडू. मी त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते मुकाट्यानं भाजी आणायला गेले.

चार दिवस हाताशी होते. पहिल्या दुपारी रूळ जोडले, गाडी ठेवली, घुंडी फिरवली. काही नाही. आणखी फिरवली, तर इंजिन एकदम उसळलं आणि जलंबच्या फलाटावर जाऊन आडवं झालं! मग मी तुम्ही शिकवलेल्या क्रमानं निघाले. आधी प्लग, मग वायर, मग सांधे. रूळ स्पिरिटनं पुसले, सैल सांधे पकडीनं आवळले. तरी तेच. मग गाडी बाजूला काढली आणि रेग्युलेटरच्या तारांना टॉर्चचा एक बल्ब जोडला. घुंडी हळूहळू फिरवली, की बल्ब हळूहळू उजळायला हवा. हा मात्र अर्धी घुंडी फिरेपर्यंत मेलेला, आणि पुढे एकदम लख्ख! म्हणजे गाडी निर्दोष, रूळ निर्दोष. दोष पेटीच्या आत होता. आता उघडावीच लागणार होती. खरं सांगते, वाटलं, मागून तुम्ही ओरडाल.

प्लग काढला आणि चार पेच सोडवले. ट्रान्सफॉर्मर ठीक, चारही डायोड ठीक. पडून तुटलेलं, वाकलेलं, निखळलेलं काही म्हणजे काही नव्हतं. आणि घुंडीखाली जिथं तारेचं वेटोळं असतं, ज्याच्यावरून पितळी जीभ घासत फिरते, तिथं काय होतं? कुंकू! कुंकू आणि हळद, तेलकट होऊन तारेवर पापुद्र्यासारखी बसलेली. जिभेला तार लागणार कुठून? खाली तर अक्षतांचे पाच-सहा दाणेही होते.

मी मोठ्यानं हसले. दसऱ्याला आपल्याकडे अवजारांची पूजा होते, त्यात रेग्युलेटरचा मान पहिला. आई भक्तिभावानं चिमूट सोडायच्या, ती नेमकी झाकणाच्या भोकांवर, आणि भोकांच्या बरोब्बर खाली ही घुंडी. मी नाही बिघडवला! अकरा वर्षांच्या आरोपातून निर्दोष सुटले! आत्ताच्या आत्ता जाऊन सगळ्या गावाला सांगावं असं झालं.

तेवढ्यात झाकणाच्या आतल्या बाजूला दोऱ्यानं बांधलेला ब्रश दिसला. जुना टूथब्रश, आणि त्याचे केस लाल झालेले.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं! दर वर्षी आदल्या दिवशी पाठ करून तुम्ही हेच साफ करत होतात. आईंना एका शब्दानं सांगितलं असतंत, की अगं, तुझ्या कुंकवानं बिघडतो, तर त्यांनी पुन्हा कधी पेटीला हात लावला नसता. तेच तुम्हाला नको होतं. म्हणून आयती मी सापडले. आणि मी उघडली असती तर गुपित फुटलं असतं, म्हणून मला बंदी. भरवशाचा प्रश्नच नव्हता तर! मला तरी सांगायचं होतंत हो. मी काय गावभर केलं असतं? (केलं असतं म्हणा.)

तुमच्याच ब्रशनं आणि स्पिरिटनं सगळं साफ केलं. बल्ब मेणबत्तीएवढा उजळला, मग हळूहळू भरभरून. पेटी बाहेरून पुसून देवघराशेजारच्या तिच्या नेहमीच्या कोनाड्यात ठेवली. एवढा जाड थर एक-दोन दसऱ्यांचा कसा, हा प्रश्न मनात आला होता, पण आनंदात विसरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते, तर भोकांवर ताजी लाल चिमूट. आई नुकत्याच देवापुढून उठून आत चालल्या होत्या. कपाळ मोकळं, आणि उजव्या हाताच्या बोटाचं टोक लाल. तेव्हा मला कळलं. वर्षभर, रोज आंघोळीनंतर, स्वतःला न लावलेलं कुंकू त्या तुमच्या पेटीला लावत होत्या. मी तिथंच खाली बसले, मामाजी, आणि रडले. हसतही होते.

भोकांना आतून कापड चिकटवावं असं मनात आलं होतं. पण वारा कोंडला की ट्रान्सफॉर्मर तापतो, हे तुम्हीच घोकून घेतलंय. म्हणून काल सकाळी आई आंघोळीहून येऊन चिमूट सोडून गेल्यावर पुन्हा एकदा ब्रश मारला आणि पेटी बाहेर आणली.

काल बायका जमल्या. आई आत आंबिलीच्या पातेल्याशी. मी घुंडी फिरवली. गाडी निघाली, खामगाव सोडलं, वडनेरला येऊन थांबली. रुळांचा तो खटखट आवाज ऐकून आई दारात आल्या. मी पुढची फेरी सुरूच करेना. म्हटलं, गार्ड कुठंय? त्यांनी इकडं तिकडं पाहिलं आणि कमरेला खोचलेली झेंडी काढली. म्हणजे सकाळपासून घेऊनच फिरत होत्या! तिसऱ्या फेरीला त्या माझ्याजवळ पाटाशी बसल्या आणि हळूच विचारलं,

"काय बिघडलं होतं माय याच्यात?"

मामाजी, सगळं ओठांवर आलं होतं. अकरा वर्षांचा हिशोब चुकता करायची याहून चांगली वेळ कोणती? तोंड उघडलं आणि म्हणाले,

"मी पाडला होता न आई, लग्नाच्या वर्षी. त्याचंच होतं."

"मंग!" आई समाधानानं म्हणाल्या. "ते काय लबाड बोलत होते काय?" आणि झेंडी हलवली.

तेव्हा शब्द देते. दर वर्षी आदल्या दिवशी मी सगळ्यांकडे पाठ करून बसेन, तुमचा लाल ब्रश चालवेन, आणि कुणी विचारलं तर पाडलेलं नीट करतेय म्हणेन. आईंचा हात त्या पेटीवर रोज जाऊ द्यायचा, ते माझ्याकडे लागलं.

तुमची, वीतभर उंचीवरून रेग्युलेटर पाडणारी सून,
वैशाली