गिअरबॉक्स शेपटीकडे

मंगळ., ४ नोव्हें.
मालवाहू विमान पडलं. चाकं उचलली आणि लगेच. नाक वर गेलं, जातच राहिलं, मग डावा पंख खाली. मी हँगरच्या दारात होते. आवाज नंतर आला.
कुंपणापलीकडच्या कपाशीत पडलं. कॅप्टन आणि को-पायलट गेले. शेतात वेचणी चालू होती. दोन बायकाही गेल्या. एकीच्या कमरेला कापसाने भरलेली ओटी, आधी ती पेटली. ती धावली, पण आगीकडेच. दिसत नसावं.
विमानात बाबा काम करतात त्या कारखान्याचं तेल काढायचं मशीन होतं. त्यांनीच जोडलेलं. मशीन हँगरपर्यंत पोचवायला आले होते, नेहमीसारखे.
हाताला लागलेला इंधनाचा, रॉकेलसारखा वास साबणाने जात नाही.

बुध., ५
विमानतळाच्या गेटवर गाव जमलं. आमचा लोडर रफिकभाई आत जात होता.
"माल बांधते कोन?"
"हाच बे तो."
नाव विचारलं. नाव ऐकल्यावर जास्त हात उठले. पान्याने त्याचा गुडघा फोडला. खाली पडल्यावर त्याच गुडघ्यावर पुन्हा. मी मध्ये गेले, कुणाचं तरी कोपर लागलं, ओठ फाटला. पोलीस आले तेव्हा त्याचं तोंड मातीत होतं.
उचलताना म्हणाला, "मॅडम, मी फ्रेमले बांधलं होतं. तुमी पाहिलं ना."
पाहिलं होतं. विमानात लोड कुठे, कसं ठेवायचं ते मी ठरवते, बांधणी मी तपासते.

गुरु., ६
चौकशीवाल्यांनी मला मशीन ओळखायला नेलं.
गिअरबॉक्स शेपटीकडे. मी तो नाकाकडे ठेवला होता, जड बाजू पुढे. मागच्या पट्ट्याचा आकडा पत्र्याच्या जाळीत अडकलेला, जाळी मुळापासून उपटलेली. विमानाच्या फ्रेमच्या कड्या शाबूत, रिकाम्या. म्हणजे नाक वर होताच मशीन मागे सरकलं.
म्हणजे मी तपासल्यावर कुणीतरी वळवलं. रफिकभाई तेव्हा माझ्याबरोबर वजनकाट्यावर होता.
कारखान्यातून नवं मशीन तोंड पुढे, गिअरबॉक्स मागे करूनच बाहेर पडतं. पाठमोरं गेलं तर परत येतं म्हणतात. बाबा हसतात. "मशीनले काय डोये हायेत?" हसतात, आणि दर वेळी ट्रकमध्ये तोंड पुढे करून लावतात.

शुक्र., ७
जेवताना बाबांना विचारलं.
"मशीन तुम्ही वळवलं?"
"हाव."
"काऊन?"
"कारखान्याच्या मालकाचा पोरगा नारळ घेऊन आलता. मने, पाठमोरं काऊन ठेवलं, फिरवा. आमी चौघांनी फिरवलं."
"आणि पट्टा?"
"पुरला नाही. जाळीले अडकवला."
"जाळी वजन धरते का, बाबा?"
"गाडीवर धरते."
"मला सांगायचं."
"तू काट्यावर होती. मले वाटलं, दोन मिनिटाचं काम हाय."
मग बाबांचं ताट भिंतीवर. मग कपाळ, त्याच भिंतीवर, दोनदा. मी मागून धरलं. माझा हात ओला झाला. आई दार लावून घ्यायला धावली, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

शनि., ८
दवाखाना. रफिकभाईचा पाय काढावा लागणार, गुडघ्याच्या वरून. दारात हवालदार. अपघाताचा गुन्हा त्याच्यावर दाखल आहे. पायाबद्दल मारणाऱ्यांपैकी कुणावर अजून नाही.
त्याची बायको म्हणाली, "दीदी, तुम बोलो ना. तुम्हारी बात मानेंगे." मी मान हलवली. हो की नाही, तिला कळलं नसेल. मलाही.
घरी बाबा: "सांगशीन तर मले गाव जित्ता ठेवीन काय? त्याचा गुडघा पाहिला ना तुनं?"
पाहिला आहे.

रवि., ९
रात्री रफिकभाईच्या घराचं दार पेटवलं. पोरं मागच्या खिडकीतून काढली. धाकटीचे केस जळाले.
उद्या माझा जबाब. आकडा जाळीत होता, हे सांगणारच. पुढचा प्रश्न ते विचारणारच, मशीन कुणी वळवलं. तिथपर्यंत वाक्य जुळतं. पुढे…
आईने आमचे कपडे बॅगेत भरले, पुन्हा काढले.

सोम., १०
बाबा पहाटेच दाढी करून बसलेले. म्हणाले, "तू नको सांगू. मीच सांगतो. पन पुलिसची गाडी इथं बलाव. त्या गेटपुढून मी असा नाही येत."
ठाण्यात फोन केला. गाडी मोकळी नाही, तुम्हीच या, म्हणाले.
ठाण्याला जायला दुसरा रस्ता नाही. गेटवर आजही माणसं आहेत, आई बघून आली.
स्कूटी बाहेर काढली. बाबांना हेल्मेट दिलं. म्हटलं, काच खाली घ्या, आणि मी थांबवली तरी उतरू नका.
"अन् त्यायनं थांबवली तं?"