समुद्रापलीकडचा मुराळी

आबा,

तुम्ही गेलात तेव्हा तुमचं जे वय होतं, ते मी कधीच मागे टाकलं. म्हणजे आता आपल्या दोघांत मोठी मी. तुमच्याच रीतीनं मान मोठ्याचा असतो, मोठ्यानं बोलायचं आणि लहानानं खाली बघून ऐकायचं. तर आता ऐका. मध्येच "गप ऱ्हा पोरी" म्हणायची सोय तुम्हाला उरलेली नाही. आज इथे नैरोबीत नागपंचमी आहे. म्हणजे माझ्या स्वयंपाकघरापुरती आहे, बाहेर कुणाला तिचा पत्ता नाही. सकाळपासून मी चुलीवर तवा ठेवलेला नाही, विळीला हात लावलेला नाही. पुरणाची दिंडं उकडून झाली आहेत आणि खायला मी एकटी. दरवर्षी याच दिवशी माझं डोकं फिरतं. यंदा म्हटलं, भिंतींशी भांडण्यापेक्षा ज्याच्याशी भांडायचं त्याच्याशीच भांडावं.

लग्न झालेल्या लेकीनं माहेरी आपल्या पायांनी यायचं नाही, हा आपल्या घरचा कायदा. तसा तो सगळ्या गावाचाच होता, पण गावानं तो धोतरासारखा नेसला होता, लागेल तिथे सैल करायचा. तुम्ही तो पलटणीतल्या पट्ट्यासारखा आवळला. पंचमी जवळ आली की घरातला पुरुष, बहुतेक भाऊच, फेटा बांधून, गाडी जुंपून तिच्या सासरी जायचा. तो मुराळी. त्यानं व्याह्यांपुढे बसून "चार दिस लेकीला धाडा" म्हणायचं आणि मग लेक निघायची. आत्तीला, तुमच्याच बहिणीला, माणदेशात दिली होती. एका वर्षी आपल्या बैलाचा खूर दुखावला आणि गाडी निघायला उशीर झाला. आत्ती वाट बघून कंटाळली आणि कडेवर पोर घेऊन, मिळेल त्या गाडीत बसत, उरलेली वाट चालत आपल्या दारात येऊन उभी राहिली. तुम्ही ओसरीवर बसला होता. उठलासुद्धा नाहीत. विचारलंत, "संगं कोन हाय?" ती म्हणाली, "कुनी न्हाई. वाट बघून बघून आले." तुम्ही म्हणालात, "मग मारुतीच्या देवळात जाऊन बस. गाडी येतीया."

आणि ती खरंच गेली, आबा! वेशीबाहेरच्या देवळात पोराला मांडीवर घेऊन बसली. मी तिला पाण्याचा तांब्या नेऊन दिला तेव्हा ती पदरानं पायांची धूळ पुसत होती. मग दादानं दुसऱ्या कुणाचे तरी बैल मागून आणले, त्यांच्या शिंगांना गोंडे बांधले, डोक्याला फेटा गुंडाळला आणि देवळापासून घरापर्यंत तिला गाडीत घालून आणलं. तेव्हा कुठे तुम्ही उठून म्हणालात, "ये बाय, दमलीस." रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी रागानं विचारलं तर म्हणालात, "लेक काय वाऱ्यावर सोडलीया व्हय? आणायला माणूस गेलं तरच सासरी तिची किंमत ऱ्हाती. तुला कळंल म्होरं." मला तेव्हाच कळलं असं वाटलं. इतकंच नाही, माझे आबा लेकीची पत राखतात म्हणून मी मैत्रिणींत मिरवलं. आता आठवलं की माझा मलाच संताप येतो.

मग माझी पाळी आली. तुमच्या पलटणीतला एक जुना सोबती होता, सांगलीकडचा. त्याचा भाचा आफ्रिकेत रेल्वेच्या कारखान्यात फिटर. महायुद्ध संपलं, बोटी पुन्हा सुरू झाल्या आणि तो लग्न करायला म्हणून रजेवर आला. तुम्ही दोघं म्हातारे ओसरीवर चहा पीत बसलात आणि उठताना शब्द देऊन उठलात. आईला ते कपबश्या उचलताना कळलं. तिनं विचारलं, "आवं, आफ्रिका म्हंजी कुठं आली?" तुम्ही म्हणालात, "मुंबईच्या जरा म्होरं." जरा म्होरं! बोटीच्या पोटात मी ओकून ओकून निपचित पडले होते तेव्हा तुमचं ते 'जरा' माझ्या कानात घुमत होतं. नवरा माझा सोन्यासारखा निघाला, ते खरं. पण तो तसा निघेल हे तुम्हाला कुठे ठाऊक होतं? तुम्ही त्याच्या मामाकडे बघून मला दिलीत. दिल्या घरी सुखी राहा म्हणतात, मी राहिले. त्याचं श्रेय तुम्ही घेऊ नका.

कराडच्या स्टेशनावर आपण उभे आहोत. आईच्या तोंडात पदराचा बोळा आहे. तुम्ही ठेवणीतला कोट घातलाय आणि कुणी सलाम ठोकायला येणार असल्यासारखे ताठ उभे आहात. मी तुम्हाला विचारते, "आबा, पंचमीला मुराळी धाडणार न्हवं?" मी चेष्टा करत नाहीये. मला दुसरं काही विचारता येत नाहीये. मला परत बघायचं आहे का तुम्हाला, हे विचारायची आपल्याकडे दुसरी भाषाच नव्हती. दादा हसतो, म्हणतो, "आगं, समिंदरात बैलं पोहायला शिकवायची का काय?" तुम्ही त्याच्याकडे असं बघता की त्याचं हसू जागच्या जागी विरतं. मग मला म्हणता, "धाडीन. माझा शब्द हाय. बोलावल्याबिगर तू यायचं न्हाई, आन् बोलवायला मी चुकायचा न्हाई." गाडी सुटते. मी त्या शब्दाला धरून मुंबईपर्यंत जाते, बोटीवर चढते, आणि इतकी मूर्ख की इथे पोचेपर्यंत तो सोडत नाही.

पहिल्या पंचमीला मी रेल्वेच्या चाळीतलं लाल मातीचं अंगण पहाटेच झाडून काढलं. कुणी येणार नाही हे मला कळत होतं, मी काही वेडी नव्हते. तरी झाडलं. नवरा कामाला जाता जाता म्हणाला, "काय गं, आबांची गाडी मोंबासाला अडकली वाटतं." त्या दिवशी मी त्याच्याशी बोलले नाही. तुमची कार्डं यायची, दादाच्या अक्षरात, तुमच्या तोंडची. इकडे सर्व क्षेम आहे, पाऊस बरा आहे, म्हैस व्याली, उसाला पाणी दिलं. मी प्रत्येक कार्ड उलटसुलट करून एकच शब्द शोधायची. ये. एक अक्षर, एक मात्रा, जोडाक्षर नाही, पहिलीतलं पोर लिहील असा शब्द. तो कधी आला नाही. पुढल्या वर्षी नवरा म्हणाला, "रजा मिळतीया, जाऊन येऊ की." मी म्हटलं, "बोलावलंय का कुनी?" त्यानं कपाळावर हात मारला. म्हणाला, "तुमच्या घरात सगळी एकाच मातीची." सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तसं. पण तो पीळ मला कुणी दिला होता, आबा?

त्याच्याच कारखान्यात कवठे महांकाळचा एक गृहस्थ होता. मनानं मोकळा, बोलायला लागला की थांबायचा नाही. तो रजेवर गावी निघाला तेव्हा मी त्याला म्हटलं, "आबांना नुसतं भेटून या. ये म्हनाले तर तेवढा निरोप आणा, मी लगेच निघते." तो वाट वाकडी करून तुमच्याकडे आला. तुम्ही त्याला पाटावर बसवून जेवू घातलंत, आग्रह करकरून. आणि जेवण झाल्यावर तो तुम्हाला म्हणाला, "आवं आबासायेब, तुमी नुसतं व्हय म्हना. मीच मुराळी झालो म्हनून समजा." तेव्हा तुम्ही काय म्हणालात? "तुमी पाव्हणं. मुराळी घरचाच लागतो. परक्यासंगं लेक आणली तर लोक काय म्हनतील?" आणि त्याच्याजवळ गुळाची ढेप बांधून दिलीत. इथे माझ्या दारात त्यानं ती ढेप ठेवली आणि हसत हसत सगळं सांगितलं. त्याला वाटलं, मलाही हसू येईल. चहा करते म्हणून मी आत गेले आणि चुलीपाशी तशीच उभी राहिले. त्या गुळाला मी हात लावला नाही. आपल्या गुऱ्हाळातला, आपल्या उसाचा गूळ, इथल्या पावसाळी हवेत पाझरत राहिला, शेवटी नवऱ्यानं तो चाळीत वाटून टाकला.

मला एवढंच सांगा. आत्तीसाठी देवळापर्यंत गाडी धाडून चाललं. ती दारात आली होती, सगळ्यांनी बघितली होती, तरी न आल्यासारखं करून तिला पुन्हा आणलीत. रीत वाकवता येते हे तुम्हाला चांगलं ठाऊक होतं. मग माझ्या वेळेला काय झालं? एक भला माणूस जेवायच्या पाटावरून म्हणत होता, व्हय म्हना. माझ्यासाठी एवढी मान हलली नाही तुमची.

मग तार आली. आषाढ होता, पंचमी तोंडावर आली होती. नवऱ्यानं ती वाचली आणि मला न विचारता तिकिटं काढली. मी काही म्हणायच्या आत म्हणाला, "आता कोन बोलावनार हाय तुला? चल." तशी मी आले, तुमच्या रीतीच्या नाकावर टिच्चून, न बोलावता. दादा कराडला गाडी घेऊन आला होता, डोक्याचे केस अजून पुरते वाढलेले नव्हते. घरी आल्यावर त्यानं मला एक फोटो दाखवला. स्टुडिओत काढलेला. दादा खुर्चीत अवघडून बसलेला, डोक्याला मोठा फेटा, खांद्यावर उपरणं. मी विचारलं, "ह्यो कशाचा?" तो म्हणाला, "पासपोर्टाचा. आबा मला तुझ्याकडं धाडनार हुतं. मुराळी म्हनून. बोटीनं."

तुम्ही त्याला साताऱ्याच्या कचेरीत पिटाळलंत. कराडला नेऊन फोटो काढलात, फोटोवाला टोपी घाला म्हणाला तर त्याच्यावर डाफरलात, "मुराळी हाय त्यो, फेटाच बांधंल." आईला विचारून ठेवलंत की बोटीवर टिकतील अशा दशम्या कशा करायच्या. दादाला गुऱ्हाळ सोडवेना, मग पेरणी आली, त्याचं निघणं लांबत गेलं आणि तुम्ही खाटेला लागलात. दादा रडत रडत सांगत होता, "मी म्हनलं, आबा, तिला निदान कळवू तरी. तर म्हनाले, सांगू नगंस. मुराळी अवचित दारात उबा ऱ्हायला पायजे." आई म्हणाली, "शेवटाला बी बोटीचंच इचारत हुते." सगळे माझ्याकडे बघत होते, आता ही हंबरडा फोडेल म्हणून. मला रडू आलं नाही. मला इतका राग आला की मी तो फोटो उलटा करून ठेवला.

अजून तोच राग आहे, आबा. लोक ऐकतात आणि डोळे पुसतात, म्हणतात, केवढा जीव होता वडिलांचा! होता. मग तो जीव पोस्टाच्या पेटीत टाकायला काय झालं होतं? एक कार्ड. "दादा येतोय, वाट बघ." एवढ्यावर मी वर्षं काढली असती. तुम्ही समुद्रावरून माणूस धाडायला निघालात, पण एक शब्द धाडवला नाही तुमच्यानं. शब्द पाळायचा होता तो मला दिलेला, की तुमच्या फेट्याला? मी इथे एकेक कार्ड चाळत होते आणि तुम्ही तिकडे दादाला फेटा कसा बांधावा ते शिकवत होता. मला अवचित आनंद द्यायचा होता म्हणे! मला आनंद नको होता. मला वडील हवे होते, भांडायला का होईना, जिवंत.

हे पत्र कुठे टाकायचं मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी टाकलं नसतं. पहिलं तुमचं यायला हवं होतं. पण लिहायला बसलेच आहे तर एक सांगून टाकते, जे दादालासुद्धा कधी कळू दिलं नाही. माझ्या लेकी इथेच जन्मल्या. तुम्ही कसे होता म्हणून त्या लहानपणी फार विचारायच्या. मी त्यांना सांगितलंय की एका पंचमीला सकाळी दार उघडलं तर समोर फेटा बांधून मामा उभा. आजोबांनी बोटीनं धाडलेला. मी त्याच्याबरोबर गेले आणि आजोबा ओसरीवर वाट बघत होते. त्यांना ते खरं वाटतं, त्या आता आपल्या पोरांना सांगतात. पोरं मला फोनवर विचारतात, मग पणजोबांना भेटल्यावर तू काय बोललीस? एवढी वर्षं झाली, तेवढं मात्र मला अजून रचता आलेलं नाही.