खुर्चीसारखा विणलेला बदाम

स्वेंडबोर्ग, ९ डिसेंबर १९८८

तीर्थस्वरूप इंगेलिसेताईस, धाकट्या आस्गरचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे मनातल्या मनात घातला).

गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी चालायला सांगितलं आणि तू त्यांच्याशीच भांडलीस, असं तुझ्या शेजारणीने कळवलं. म्हणजे प्रकृती उत्तम. तुझं पत्र मिळालं. 'बोटं आखडलीत, आता माझा कुणाला उपयोग नाही, यंदा नाताळला आल्बोर्गहून निघत नाही,' हे वाचलं. पण तू जिवाला लावून घेऊ नकोस, तुझ्यावाचून इथे काहीही अडलेलं नाही. तेच सविस्तर कळवतो.

माझी नात आल्बर्टे पाच वर्षांची झाली. तिच्या आईला डिसेंबरात बेकरीतून मान वर करायला सवड नसते, म्हणून पोर दुपारी माझ्याकडे असते. रविवारी तिने लाल-पांढरे कागद माझ्यापुढे आपटले. "आबा, नाताळच्या झाडाला टांगायचे बदाम विणू या, पत्त्यांतल्या बदामासारखे. आई म्हणते, तुम्ही खुर्च्या विणायचात." आता चाळीस वर्षं ज्याने खुर्च्यांच्या बैठका विणल्या, त्याला चार कागदी पट्ट्यांचं काय कौतुक? मी बाह्या सरसावल्या (आणि तिथेच चुकलो).

ताई, बदाम असा सुरेख झाला म्हणून सांगू! घट्ट, सरळ, चौकटीला चौकट भिडलेली. आल्बर्टेने तो उलटसुलट केला, वरून दोन बोटं घालून पाहिली, नखाने उचकटून पाहिला. उघडेना. "आबा, बिस्किटं कुठे ठेवायची?" तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की पट्टी नुसती वरून-खालून न्यायची नसते, एकदा दुसरीच्या पोटातून आणि एकदा तिला पोटात घेऊन न्यायची असते, तरच त्याची पिशवी होते. पण हात पडला खुर्चीवाल्याचा. दुसरा बदाम बंद, तिसरा बंद, आणि चौथा तर डिंकासकट मांजराच्या शेपटीला गेला. पाचवा आल्बर्टेने जमिनीवर ठेवला, त्यावर बसून पाहिलं आणि म्हणाली, "बसायला छान आहे."

मग तिने सरळच विचारलं, "लहानपणी तुम्हाला कुणी शिकवलं नाही?" काय सांगणार? शाळेत दरवर्षी माझे बदाम फळ्याशेजारी लागायचे, बाई माझी पाठ थोपटायच्या, आणि ते सगळे आदल्या दिवशी तू विणलेले असायचे. तुझे स्वतःचे घाईघाईत वाकडे व्हायचे आणि तू बोलणी खायचीस. एका शब्दाने कधी चहाडी केली नाहीस. ताई, तेव्हा आभार मानायची अक्कल नव्हती, नंतर लाज वाटली. आज मानतो. मनापासून.

हे सगळं मी पोरीला सांगून टाकलं. ती म्हणाली, "मग तिलाच बोलवा ना!" मी म्हटलं, तिची बोटं आखडलीत. "तोंड चालतं का?" तोंडाचं विचारूच नकोस, म्हटलं. "मग झालं तर. बोटं माझी, तोंड तिचं."

सगळ्यांना आशीर्वाद. गुडघ्याला ऊब दे.

तुझा धाकटा,
आस्गर

ता. क. वर 'काहीही अडलेलं नाही' असं लिहिलंय, ते खोडून वाच. सगळंच अडलंय. झाड नुसतं उभं आहे.

ता. क. २. सोबतचा बदाम आल्बर्टेचा आहे. माझं बघून नेमकं काय करायचं नाही ते तिला कळलं, आणि एकोणिसावा उघडला. एका बाजूने फाटलाय, तिकडे डिंक आहे. दुसरीकडून हात घाल. आत बावीस तारखेचं गाडीचं तिकीट आहे. ते परत घेत नाहीत (मी विचारलेलं नाही, पण आमचं दोघांचं असंच सांगायचं ठरलंय). पाकीट चिकटवताना पोरीला एकच काळजी होती, "तिला उघडता येईल ना?" मी म्हटलं, अगं बाई, माझे सगळे तिनेच तर केले होते.